डोळे मिटले की ती मुलगी दिसते

"मॅडम, मला आता काही वाटतच नाही. मी निर्ढावले का?"

वस्त्यांमध्ये काम करणारी माणसं हा प्रश्न मला अधूनमधून विचारतातच. या वेळी विचारणारी बालसंरक्षणात अकरा वर्षं काढलेली, पस्तिशीची कार्यकर्ती होती. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) सकाळी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत गृहभेटी, दुपारी शिवाजीनगर कोर्ट, संध्याकाळी ऑफिसात सामाजिक तपासणी अहवाल. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या एका प्रकरणात ती सहाय्यक व्यक्ती होती. त्या नऊ वर्षांच्या मुलीने पोलीस, डॉक्टर, मॅजिस्ट्रेट, कोर्ट असं सगळीकडे तेच सांगितलं आणि दर वेळी ही शेजारी बसून ऐकत होती.

मग एक दिवस तिची स्वतःची लेक गुडघा फोडून घरी आली. "जवळ घ्यायचं सोडून मी विचारलं, किती वाजता झालं? तिथे अजून कोण होतं? जबाब घेतल्यासारखं."

मी तिला म्हटलं, निर्ढावलेली बाई हे विचारायला कात्रजहून दोन बस बदलून एरंडवण्यात येत नाही. दुसऱ्याचं दुःख वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यालाही आघात होतो, याला दुय्यम आघात म्हणतात. बधिरपणा हे त्याचंच एक लक्षण. मन तेवढ्यापुरतं दार लावून घेतं, पण ते दार घरी आल्यावरही उघडत नाही.

सजगतेचा (माइंडफुलनेसचा) सराव सुचवताना सुरुवातीला मीच चुकले. ध्यान म्हटलं की डोळे मिटून श्वासावर लक्ष, हे आपल्याकडे इतकं रुजलंय की मीही तेच सांगितलं. आठवड्याने ती आली ती चिडूनच. "डोळे मिटले की ती मुलगी दिसते. श्वास मोजायला गेले तर छातीच धडधडते." आघाताच्या आठवणी ताज्या असताना असं होऊ शकतं. हे मी आधी विचारायला हवं होतं.

मग डोळे उघडे ठेवले. बसमध्ये उभं असताना तळव्यांवर येणारा भार, मुठीतल्या दांडीचा गारवा, एवढंच जाणवून घ्यायचं. ती मुलगी आठवली तर मनात 'आठवण आली' म्हणायचं आणि परत तळव्यांकडे यायचं. हाकलायचं नाही, तिच्यामागे जायचंही नाही. गृहभेट संपवून ऑफिसात आलं की नळाखाली हात धुताना पाणी कसं लागतंय ते बघायचं आणि जबडा आवळलाय का, खांदे वर चढलेत का, ते मनातल्या मनात नोंदवायचं. नोंद करणं तिच्या हाडात मुरलेलं, त्यामुळे हे तिला पटकन जमलं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा, रोज पाऊण तास घरी सराव करायचा. तो पाऊण तास हिने कुठून आणायचा?

एक गोष्ट मात्र मी तिला स्पष्ट सांगितली. एकटीच्या टेबलावर साठ फायली असतील तर हे श्वासाने सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही कामातून येणाऱ्या थकव्याला, म्हणजे बर्नआउटला, आजार न म्हणता कामाशी जोडलेली स्थिती म्हणते. ताण कामात असेल तर तोडगाही तिथेच काढावा लागतो. कार्यशाळा घेऊन हात झटकणाऱ्या संस्थांचा मला राग येतो. तिने वरिष्ठांकडे पंधरवड्याला एक तास सुपरविजन, म्हणजे कामाचा ताण मोकळेपणी बोलायची वेळ, मागितलं. तिसऱ्या खेपेला मिळालं. (झोपच उडाली किंवा जगणं नकोसं वाटू लागलं तर मात्र थांबू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे जावं, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही आहे.)

चौथ्या महिन्यात ती बसमध्ये रडली, स्वारगेट येईपर्यंत. "एका आजींनी जागा दिली," म्हणाली. मी दुसरं काही विचारलं नाही.

परवा आली तेव्हा तक्रार वेगळीच. "मॅडम, गुरुवारी आमच्या ऑफिसात नळाला पाणी नसतं."

मग गुरुवारी ती जिन्याच्या कठड्यावर हात टेकवून उभी राहते. कठडा लोखंडी आहे, दुपारी तापलेला असतो.