मुलगी आता आमच्यासोबत प्रार्थनेला बसत नाही

प्रश्न: ताई, माझं वय ५२. आमचं घर श्रद्धाळू. रोज संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थनेला बसतो, हा नेम सासूबाईंपासूनचा. गेल्या महिन्यात माझी २३ वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "आई, माझा यावर विश्वास उरलेला नाही. दोन वर्षं मी नुसते ओठ हलवत होते." आता त्या वेळी ती आपल्या खोलीत असते. यांचं म्हणणं, या घरात राहायचं तर घरचा धर्म पाळायचा. धाकटा १३ वर्षांचा आहे, तो विचारतो, मग मीच का बसू? नातेवाईक कुजबुजतात ते वेगळंच. मला वाटतं ती वाट चुकली आहे आणि तिला परत आणणं माझं कर्तव्य आहे. गप्प बसले तर माझ्याच श्रद्धेत खोट आहे, असं नाही का होणार?
– एक आई

उत्तर: दोन वर्षं मुलगी ओठ हलवत होती आणि शेजारी बसून तुम्हाला ते कळलं नाही. यात तुमची चूक नाही, बाहेरून कळण्यासारखं ते नसतंच. पण तिच्या वडिलांना आता जे हवंय ते नेमकं तेवढंच आहे: ओठ पुन्हा हलू देत. ते त्यांना मिळेलही. घर सोडायची भीती घातली की माणूस काय वाटेल ते म्हणतो. मात्र ज्याच्यापुढे तुम्ही रोज हात जोडता, त्याला अशी प्रार्थना चालते का, हे एकदा स्वतःला विचारून बघा. मला उत्तर कळवायची गरज नाही.

जॉन लॉक या इंग्रज विचारवंताचं धार्मिक सहिष्णुतेवरचं पत्र १६८९ साली छापलं गेलं. त्याचा रोख राज्यकर्त्यांवर होता: दंड करा, तुरुंगात टाका, शरीराला काहीही करायला लावता येईल, पण मनाला काही पटवता येणार नाही, आणि मनातून नसलेली उपासना ढोंगच ठरते. स्वतः लॉक श्रद्धाळू ख्रिस्ती होता, हे मुद्दाम सांगते. श्रद्धा खरी असावी अशी ज्याची तळमळ, तोच जबरदस्तीला सगळ्यात आधी नाही म्हणतो. म्हणजे तुम्ही आग्रह सोडलात म्हणून तुमची श्रद्धा पातळ होत नाही.

तुमच्या प्रश्नातला अवघड भाग पुढे आहे. सहिष्णू व्हायचं म्हणून "सगळं सारखंच, कुणी काहीही मानावं" असं तुम्ही म्हणायला लागाल, तर तेही खोटंच. तुम्हाला ती चुकली असं वाटतं ना? मग तसं एकदा, मनापासून सांगा. "मला वाईट वाटतं, मला हे पटत नाही, पण तुझ्या मनाविरुद्ध तू काही करावंस असं मी म्हणणार नाही." एवढं बोलून थांबा. रोज नवी चर्चा नको, तिच्या मोबाइलवर प्रवचनांचे व्हिडिओ नकोत, आणि समजूत घालायला कुणा विद्वान काकांना तर मुळीच बोलावू नका. असे काका प्रत्येक घराण्यात असतात आणि त्यांच्यामुळे कुणाची श्रद्धा परत आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात हेच कोरून ठेवलंय, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी: आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. हे मुलीलाही लागू आहे बरं का. तुमच्या प्रार्थनेची टिंगल तिने करता कामा नये, धाकट्याला चिडवता कामा नये. घराला नियम घालण्याचा हक्क तिच्या वडिलांना आहेच. प्रार्थनेच्या वेळी आवाज नको, टीव्ही बंद, पाहुण्यांपुढे वाद नको. मुलीच्या वागण्यावर असे नियम चालतात. विश्वासावर चालत नाहीत. धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचं स्वातंत्र्य प्रत्येक माणसाला आहे, असं मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या १८व्या कलमात १९४८पासून लिहिलेलं आहे. तिथे वयात आलेल्या मुलींना वगळलेलं नाही.

धाकट्याचं वेगळं आहे. तेराव्या वर्षी मार्ग दाखवणं हे आईवडिलांचं काम, आणि संयुक्त राष्ट्रांचा १९८९चा बालहक्क करारही ते मान्य करतो. पण त्याच करारात मुलाच्या विचाराचं आणि श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे, आणि आईवडिलांनी त्याच्या वाढत्या समजेप्रमाणे वाट दाखवावी असं म्हटलंय. तेव्हा "मीच का बसू" याला "मी सांगते म्हणून" हे उत्तर देऊ नका. तुम्ही स्वतः का बसता ते त्याला सांगा. संकटात तुम्हाला त्यातून काय मिळालं, कधी शंका आली का, हे सगळं. कदाचित हे तुम्ही मुलीलाही कधी सांगितलं नसेल. आमच्या पिढीत नेम शिकवला जायचा, त्यामागचं मन फारसं कुणी उघडून दाखवत नसे.

मुलगी परत येईल का? येईलही, नाहीही. त्या आशेवर तिच्याशी गोड वागू नका, तिला ते लगेच समजेल. तसंही, विश्वास नाही हे तिने लपवत राहण्याऐवजी तुम्हाला येऊन सांगितलं. खरं बोलायला तुम्हीच शिकवलं असणार.

राहता राहिले नातेवाईक. त्यांच्यापुढे सफाई देत बसू नका. कुणी विचारलंच तर म्हणा, "ती मोठी आहे, तिलाच विचारा." बहुतेक जण विचारणार नाहीत.