छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, मग तिने शिकार केली तर चालते का?

चालत नाही. तुमचं म्हणणं असं की एअर गन, म्हणजे छऱ्याची बंदूक, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला विनापरवाना मिळते, परदेशात तिने शिकार करतात, मग दादर ज्वारीच्या शेतातला ससा किंवा तितर मारायला हरकत काय? यात दोन वेगळे कायदे एकत्र झालेत. बंदूक बाळगायला परवाना लागतो का, हे शस्त्र कायदा ठरवतो. ससा मारता येतो का, हे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ठरवतो.

आधी बंदूक. शस्त्र नियम 2016 नुसार नळीचा व्यास 4.5 मिमी (.177) पर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. .22 म्हणजे 5.5 मिमीची घेतली की परवाना लागलाच. ऊर्जा काढायची रीत सोपी: छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग (मीटर प्रति सेकंद), भागिले 2000. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा 280 ने सुटला तर 19.6 ज्यूल, 290 ने सुटला तर 21. म्हणजे जास्त ताकदीची स्प्रिंग बसवली की तीच बंदूक बेकायदा होऊ शकते. हे बरेच जण विसरतात, म्हणून पक्कं बिल जपून ठेवा आणि आत काही बदलू नका.

आता शिकार. या कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नाही. जखमी करणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. नेम चुकला तरी गुन्हा होतो, आणि हत्यार कोणतं होतं याने फरक पडत नाही. ससा, तितर, रोही (नीलगाय), रानडुक्कर हे कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत, तर मोर आणि चिंकारा अनुसूची 1 मध्ये आहेत. साधी शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची 1 चा प्राणी असेल, किंवा यावल अभयारण्यात गोळी झाडली असेल, तर किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद. बंदूक आणि गाडी जप्त होते ती वेगळीच.

परदेशाचं म्हणाल, तर टेक्सासमध्ये हरणासाठी एअर गन मान्य आहे, पण तिथे किमान .30 इंच व्यास आणि 215 फूट-पौंड, म्हणजे जवळपास 290 ज्यूल ऊर्जा लागते. आपल्या 20 ज्यूलच्या चौदापट! त्यामागे कारण आहे. हलका, कंबर बारीक असलेला छर्रा लवकर वेग गमावतो. रानडुकराच्या जाड कातडीत तो अडकतो, जनावर पळतं आणि जखम सडून कुठेतरी तडफडत मरतं. हे मला मुळीच पटत नाही.

डुकरांनी मका किंवा केळीचा बाग उद्ध्वस्त केला असेल तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वनकार्यालयात नुकसानीची तक्रार द्या. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची लेखी परवानगी कलम 11 खाली मिळू शकते, पण ती वनखात्याकडूनच, आणि छऱ्याची बंदूक त्या कामाची नाही. पंचनाम्याआधी मोडलेलं काही उचलू नका. कुरतडलेली कणसं, फाडलेलं केळीचं खोड आणि चिखलातल्या खुरांचा ठसा यांच्या शेजारी मापासाठी काडेपेटी ठेवून, तारीख दिसेल असा फोटो घ्या. पाऊस पडला की ठसा सगळ्यात आधी जातो.