ध चा द : युद्धबंदी कोण आणि युद्धबंदी काय?

युक्रेनमधील युद्धाच्या बातम्या २०२२ पासून नेमाने वाचणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, ‘युद्धबंदी’ हा शब्द कधी पकडलेल्या सैनिकासाठी येतो, तर कधी लढाई थांबण्यासाठी. यांपैकी बरोबर कोणता? शिवाय लढाई थांबण्याला युद्धबंदी म्हणावे, युद्धविराम म्हणावे, शस्त्रसंधी म्हणावे, की वाहिन्यांप्रमाणे सरळ ‘सीझफायर’ म्हणून मोकळे व्हावे?

दोन्ही अर्थ बरोबर आहेत. गोंधळ शब्दाचा नसून तो वापरणाऱ्यांचा आहे, कारण मराठीने हे दोन शब्द वेगळे ठेवण्याची पुरेशी सोय करून ठेवलेली आहे. पकडलेला सैनिक तो युद्धबंदी, पुल्लिंगी. लढाई थांबणे ती युद्धबंदी, स्त्रीलिंगी. अनेकवचनी विभक्तीत ‘युद्धबंद्यांची अदलाबदल’ होते आणि ‘युद्धबंदीची घोषणा’ होते, तेव्हा तर संशयाला जागाच उरत नाही. परंतु मथळे लिहिणाऱ्यांना प्रत्ययांचे आणि क्रियापदांचे वावडे असल्यामुळे ‘युद्धबंदी अमान्य’, ‘युद्धबंदी लवकरच?’ अशा धर्तीच्या ओळी छापल्या जातात, आणि हजारो मैलांवरच्या युद्धाचा माग शब्दांवरूनच काढावा लागणाऱ्या वाचकाला नेमके काय अमान्य झाले ते कळेनासे होते.

मे २०२५ मध्ये या गोंधळाने कळस गाठला. १६ मे रोजी इस्तंबूलमध्ये रशिया आणि युक्रेन यांची २०२२ नंतरची पहिली थेट बोलणी झाली. युक्रेनला ३० दिवसांची विनाशर्त युद्धबंदी हवी होती, ती मिळाली नाही. ठरली ती प्रत्येकी १,००० जणांची अदलाबदल. म्हणजे युद्धबंदी झाली नाही आणि युद्धबंदी सुटले. हे वाक्य मराठीत निर्दोष आहे, पण ते ऐकून डोके धरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. दोष देईन तो ‘एक हजार युद्धबंदी’ हा आकडा ठोकून देणाऱ्यांना. २३ ते २५ मे या तीन दिवसांत प्रत्येक बाजूने जे १,००० लोक सुटले, त्यांपैकी १२० नागरिक होते आणि ८८० सैनिक. नागरिक हे बंदी असतील, ओलीस असतील, स्थानबद्ध असतील. ते युद्धबंदी नव्हेत. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात युद्धबंदी कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे आणि नागरिकांसाठी त्याच वर्षीचा चौथा करार वेगळा आहे. शब्द सैल सोडला की माणसांचे हक्कही सैल होतात, हे निदान बातमी लिहिणाऱ्याने तरी विसरू नये.

आता खऱ्या गमतीकडे वळू. या दोन ‘बंदीं’बद्दल काही भाषाशुद्धीवाले ठासून सांगतात की, कैदी या अर्थाचा बंदी शुद्ध संस्कृत आहे आणि मनाई या अर्थाची बंदी फारसी आहे, म्हणून पहिला ठेवावा आणि दुसरीला हाकलावे. पुराव्यादाखल अमरकोश हा जुना संस्कृत कोश पुढे केला जातो, कारण त्यात ‘प्रग्रहोपग्रहौ बन्द्याम्’ (प्रग्रह आणि उपग्रह हे बन्दीचे प्रतिशब्द) असे स्पष्ट आहे. अमरकोशात शब्द आहे हे मला मान्य. त्यावरून तो संस्कृताचा औरस ठरतो हे मुळीच मान्य नाही. संस्कृत धातू बन्ध् आहे, त्यात ध आहे. त्यापासून बंधन, बंध, बांधणे, बांध, बंधारा असे जेवढे शब्द आले, त्या सर्वांत ध टिकून आहे. मग एकट्या ‘बन्दी’तलाच ध कोणी पळवला? संस्कृताला बसल्या जागी महाप्राण, म्हणजे ध-भ यांतला ह-कार, गाळण्याची सवय नाही. ती सवय इराणी भाषांची: जिथे संस्कृतात भ, ध, घ असतात तिथे त्यांच्याकडे अल्पप्राण ब, द, ग येतात. आपला भ्राता त्यांचा बिरादर होतो आणि आपला बन्ध् त्यांचा बंद होतो. आनंदीबाईंनी ध चा मा केला असे सांगतात. इथे इराणने ध चा द केला, आणि माझ्या मते हा ‘बन्दी’ त्या द सकट फार पूर्वी संस्कृतात येऊन बसला. ज्या संस्कृताने क्षत्रप हा शब्द इराणींकडून घेतला आणि लिपी हा शब्दही तिकडूनच घेतल्याचे मानले जाते, त्याला एका कैद्याचे ओझे झाले नसावे.

म्हणजे दोन्ही बंदी एकाच घरातले. ज्यांना एकाला सोवळे आणि दुसरीला ओवळे ठरवायचे आहे, त्यांनी आधी ‘कैदी’ हा पर्याय सुचवून पाहावा आणि मग अरबीत ‘कैद’ म्हणजेही मुळात बेडीच, हे लक्षात घ्यावे. पाय बांधल्याखेरीज कैद्याला नाव देणे कोणत्याच भाषेला जमलेले दिसत नाही.

या इराणी बंदाचा सर्वांत जुना देखणा नमुना इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेला आहे, आणि योगायोगाने तो दूरच्या युद्धाचाच वृत्तान्त आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणचा सम्राट दारयवहु (डरायस) बाबिलोनमध्ये असताना एकामागून एक प्रांत उठले. राजा सर्वत्र जाऊ शकत नव्हता, म्हणून तो सेनापती पाठवतो आणि प्रत्येकाची ओळख एकाच ठरीव शब्दांत करून देतो: विदर्न नावाचा पार्स (पर्शियन), ‘मना बन्दक’, म्हणजे माझा बांधील सेवक, त्याला मी सैन्याचा प्रमुख केले. हा बन्दकच पुढे फारसीत ‘बंदा’ झाला आणि आपल्या ‘बंदा हाजिर आहे’मध्ये येऊन उभा राहिला. जिंकणाऱ्या सेनापतीचा बंदा आणि हरलेल्या शिपायाचा बंदी एकाच दोराने बांधलेले आहेत, ही गोष्ट मला कोणत्याही युद्धवार्तेपेक्षा अधिक बोलकी वाटते.

मनाईची बंदीही मुळात मनाईची नव्हे, बांधणीची. तटबंदी म्हणजे तटांवर बंदी नव्हे. मोर्चेबंदी म्हणजे मोर्चे काढण्यास मनाई नव्हे, तर लढण्याच्या जागा बांधून सज्ज होणे. जमाबंदीत जमा थांबत नाही, ती ठरवून दिली जाते. नाकेबंदीपाशी अर्थ कूस बदलतो, कारण नाके बांधून काढले की ते आपोआप मिटते. २०२२ मध्ये काळ्या समुद्रातील युक्रेनी बंदरांची जी झाली, ती याच अर्थाची नाकेबंदी. (‘बंदर’ या शब्दाच्या वाटेला मी आज जात नाही; तो एक स्वतंत्र दिवस मागतो.) त्यानंतरच्या दारूबंदी, संचारबंदी, नोटाबंदी या सगळ्या मिटवण्याच्या शाखेतल्या. तेव्हा ‘युद्धबंदी’ जर तटबंदी-मोर्चेबंदीच्या साच्यात घडली असती, तर तिचा अर्थ युद्धाची तयारी असा झाला असता. ती दारूबंदीच्या साच्यात पडली हे आपले नशीब; आणि दारूबंदीइतकीच ती पाळली जाते, हे ओघाने आलेच.

एका गृहस्थांनी मला मागे छातीठोकपणे सांगितले होते की, ‘बंदूक’ही याच कुळातली, कारण तिच्यात दारू बंद करून ठेवतात. ही लोकव्युत्पत्ती फार पसरलेली नाही, पण पसरण्याजोगी आहे म्हणून वेळीच खोडून ठेवतो. बंदूक अरबी ‘बुन्दुक’पासून आली, आणि बुन्दुक म्हणजे हेझलनट नावाचे छोटे, गोल, कठीण कवचाचे फळ. त्या फळासारखी गोळी म्हणून गोळीला तेच नाव पडले आणि गोळीवरून ती उडवणाऱ्या हत्याराला. अरबांनी हा शब्द ग्रीकांच्या ‘पोन्तिकोन’वरून घेतला, म्हणजे पोन्तसचे फळ, आणि पोन्तस हा काळ्या समुद्राच्या दक्षिण काठचा प्रदेश. आज ज्या समुद्राकाठच्या बातम्यांत ‘बंदुका थांबल्या का’ म्हणून आपण विचारतो, त्याच समुद्राच्या काठावरून बंदुकीचे नाव निघाले. व्युत्पत्तीच्या नादाला लागलेल्या माणसाला वर्षातून एखादा असा दिवस लाभला तरी पुरतो.

आता तिसरा बंदी, जो कोणी विचारलेला नाही आणि ज्याच्यासाठीच मी हे सगळे लिहायला बसलो. अमरकोशाच्या ज्या क्षत्रियवर्गात कैदेतली बन्दी आहे, त्याच वर्गात थोडे आधी ‘बन्दिनः स्तुतिपाठकाः’ असेही आहे. हा बंदी म्हणजे भाट. त्याचा धातू बन्ध् नव्हे, वन्द्, म्हणून तो वन्दी असाही लिहिला जातो, आणि त्याचा द अस्सल आहे, कोणी ध पळवून ठेवलेला नाही. सूत, मागध आणि बंदी ही त्रयी जुन्या ग्रंथांत एका दमात उच्चारली जाते: राजांच्या वंशावळी, पराक्रम आणि युद्धे लोकांच्या कानी घालणारी ही मंडळी. यांतलाच एक सूत संजय.

दूरच्या युद्धाची चर्चा निघाली की संजयाला ‘पहिला थेट प्रक्षेपक’ म्हणण्याची जी फॅशन आहे, तिचा मला मनस्वी कंटाळा आहे. महाभारताच्या भीष्मपर्वात संजय रणांगणावरून परत येतो तो भीष्म पडल्यावर, म्हणजे दहा दिवसांची लढाई उरकल्यावर; धृतराष्ट्राला तो आधी निकाल सांगतो आणि मग पहिल्या दिवसापासून सविस्तर वर्णन करू लागतो. आधी मथळा, मग तपशील. व्यासांनी दृष्टी दिली हे खरे, पण ही पद्धत प्रक्षेपकाची नसून रणांगणावर जाऊन आलेल्या वार्ताहराची आहे. आणि शल्यपर्वात तर हा वार्ताहर सात्यकीच्या हाती सापडतो, त्याला ठार करण्याचेही ठरते, आणि व्यास येऊन त्याला सोडवतात. युद्ध सांगणारा सूत युद्धबंदी झाला, हा प्रसंग संजयाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी फारसे कोणी सांगत नाही.

माझा लाडका तर्क असा की, वन्द् आणि बन्ध् या दोन धातूंचे बंदी उच्चाराने एक झाले, तेव्हा कोणाला त्याचे काही वाटले नाही, कारण भाटही राजाला बांधलेलाच असतो. युद्धाची हकीकत सांगणारा कोणत्या बाजूचा बंदा आहे, हे दूरच्या श्रोत्याला आधी ओळखावे लागते. जे युद्ध एक बाजू आक्रमण म्हणते, त्याला दुसरी बाजू ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हणते. हे बंदीजनांचेच काम आहे, फक्त हाती डफाऐवजी निवेदन असते. हा तर्क कोणत्याही कोशात सापडणार नाही. त्यात कोशांचे नुकसान आहे.

असो. मूळ प्रश्नाचा उरलेला भाग लढाई थांबण्याच्या शब्दांचा होता. येथे कौटिल्य कामाला येतो. ‘पणबन्धः सन्धिः’ अशी त्याची व्याख्या आहे: अटींनी बांधणे म्हणजे संधी. (पाहा, बन्ध् इथेही आहे, आणि ध सकट आहे.) दोन बाजूंनी अटी बांधून घेतल्या नाहीत, तर संधी नाही. म्हणून १९ एप्रिल २०२५ रोजी पुतिन यांनी ईस्टरनिमित्त जाहीर केलेल्या ३० तासांच्या थांबण्याला ज्यांनी शस्त्रसंधी म्हटले, त्यांनी शब्द फुकट घालवला. ती एकतर्फी घोषणा होती, तिला युद्धविराम म्हणावे. दोन्ही पक्षांनी बसून, रेषा, वेळ आणि देखरेख ठरवून शस्त्रे थांबवली, तर तो शस्त्रसंधी. या शब्दाचे श्रेय सावरकरांना दिले जाते, आणि ज्याने तो घडवला त्याने कौटिल्याचा संधी बरोबर ओळखला होता. युद्धच संपवणारा तो तह. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाला, तह आजतागायत झालेला नाही. तो शस्त्रसंधी होण्यापूर्वी दोन वर्षे बोलणी चालली आणि घोडे पेंड खात राहिले ते मुख्यतः पकडलेल्या सैनिकांना कोणाच्या स्वाधीन करायचे यावर: युद्धबंद्यांपायी युद्धबंदी रखडली. जिनिव्हा करार उलट बाजूने सांगतो की, प्रत्यक्ष लढाई थांबताच युद्धबंद्यांना विनाविलंब सोडावे. एक बंदी दुसरीची वाट पाहते.

‘सीझफायर’ला माझा विरोध भाषाशुद्धीच्या कारणाने नाही. ती मुळात गोळीबार थांबवण्याची आज्ञा आहे, आणि आज्ञा एका बाजूचा अधिकारीही देऊ शकतो. करार झाला की नाही, हे त्या शब्दातून कळत नाही. त्यापेक्षा आपला ‘तहकुबी’ हा शब्द पुन्हा चालवावा. त्याचा तहाशी काडीचाही संबंध नाही. कोशकार तो अरबी ‘तवक्कुफ’शी, म्हणजे थांबण्याशी, जोडतात. सभा तहकूब होते तेव्हा ती संपली असे कोणी मानत नाही, ती पुन्हा भरणार हे सर्वांना ठाऊक असते. लढाई तहकूब झाली असे लिहिले, तर वाचकाला नेमकी माहिती मिळेल.

तोवर ‘शस्त्रसंधी’च चालेल, पण पुल्लिंगी. स्त्रीलिंगी संधी ही आयती मिळणारी असते, आणि ‘शस्त्रसंधी मिळाली’ असे लिहिले, तर कोणाला तरी पुन्हा शस्त्रे भरून घेण्याची उसंत मिळाली, असा अर्थ होतो. युक्रेनच्या बाबतीत दोन्ही बाजू एकमेकींवर नेमका हाच संशय घेतात, हे खरे. तरीही व्याकरणाने आधीच निकाल देऊ नये. शस्त्रसंधी होतो, लागू होतो आणि मोडतो.