शैवालाचा अर्क संप्रेरकांची जागा घेईल का?

प्रश्न : आमच्या लहानशा उतिसंवर्धन (वनस्पतीच्या उतींपासून बाटलीत रोपे वाढवण्याच्या) प्रयोगशाळेत बीएपी (सायटोकायनिन गटातील) आणि आयबीए (ऑक्झिन गटातील) या संप्रेरकांऐवजी फवारणीसाठी मिळणारा समुद्री शैवालाचा अर्क पोषक माध्यमात वापरून खर्च वाचवण्याचा विचार आहे. पहिल्या खेपेस मात्र माध्यम नीट गोठले नाही आणि तपकिरी, गढूळ झाले. आमचे काय चुकले?

उत्तर : बहुधा तुम्ही माध्यमाचा सामू (पीएच) आधी जुळवला आणि अर्क नंतर घातला. टिकवण्यासाठी आम्ल मिसळलेल्या अर्कामुळे सामू 5 च्या खाली गेला, की ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) उष्णतेत माध्यम गोठवणाऱ्या ॲगारची शक्ती घटते. उलट अल्कली वापरून काढलेल्या अर्काने सामू वर चढतो आणि माध्यम गरजेपेक्षा घट्ट होते. म्हणून अर्क मिसळून झाल्यावरच सामू 5.7 ते 5.8 वर आणावा. गढूळपणाचे कारण वेगळे आहे. फवारणीचा अर्क बारीक गाळलेला नसतो, शिवाय तपकिरी शैवालांतील अल्जिनेट हे चिकट द्रव्य माध्यमातल्या कॅल्शियमशी संयोग पावून त्याचे गोळे बनू शकतात. अशा गढूळ माध्यमात जिवाणूंचा संसर्ग उशिरा लक्षात येतो, हा तोटा मला सर्वांत मोठा वाटतो.

आता मूळ विचाराकडे वळू. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी 1957 मध्ये तंबाखूच्या उतींवर दाखवून दिले, की ऑक्झिनच्या तुलनेत सायटोकायनिन जास्त असेल तर फुटवे येतात आणि ऑक्झिन जास्त असेल तर मुळे फुटतात. हे प्रमाण हाती असणे हाच उतिसंवर्धनाचा कणा आहे. अर्कात मात्र ते तुमच्या हाती नसते. एक्लोनिया मॅक्सिमा या शैवालाच्या पेशी उष्णता न देता फोडून काढलेल्या अर्कात ऑक्झिनचे पारडे जड असते, त्यामुळे फुटवे वाढवण्याच्या टप्प्यावर तो नेमका उलट दिशेने ओढू शकतो. ॲस्कोफायलम नोडोसम अल्कलीत तापवून काढलेल्या अर्काचा परिणाम केवळ संप्रेरकांचा नसतो. त्यात मॅनिटॉल, बीटेन, लॅमिनारिन, फ्युकोइडान अशा घटकांचाही वाटा मानला जातो. त्यातच शैवाल कोणत्या ऋतूत काढले यावर त्याची घडण बदलते. बचतीचे म्हणाल, तर बीएपी लिटरला 2 मिलिग्रॅम वापरले तरी 1 ग्रॅममध्ये 500 लिटर माध्यम तयार होते. खर्च ॲगार, वीज आणि मजुरीवर होतो, संप्रेरकांवर नव्हे.

तरीही अर्क टाकाऊ नाही. संप्रेरके कायम ठेवून त्यांच्या जोडीला, विशेषतः मुळे आणण्याच्या आणि हार्डनिंगच्या (रोपे बाहेरच्या हवेला सरावण्याच्या) टप्प्यावर, तो तपासून पाहण्याजोगा आहे; हार्डनिंगच्या वेळी पातळ द्रावणात मुळे बुडवता येतात, आणि तेथे निर्जंतुकतेची अटही राहत नाही. माध्यमात द्यायचा असेल तर लिटरला 0, 0.5, 1, 2 आणि 5 मिलिलिटर अशा मात्रा घेऊन प्रत्येकी किमान वीस बाटल्या ठेवाव्यात आणि निष्कर्ष काढण्याआधी तीन पुनर्संवर्धने (उती ताज्या माध्यमात हलवण्याच्या फेऱ्या) होऊ द्यावीत. उतीत आधीच्या माध्यमातील संप्रेरकांचा साठा राहतो, त्यामुळे पहिल्या फेरीत अर्कावरच फुटवे आल्यासारखे दिसते आणि आपली फसगत होते.

प्रश्न : वाळलेल्या शैवालापासून अर्क आम्हीच काढला तर तो निर्जंतुक कसा करावा?

उत्तर : शैवाल आधी गोड्या पाण्यात अनेकदा धुवावे, कारण वाळू जाते तशी मिठाची पुटेही जातात, आणि माध्यमातले जादा मीठ कोवळ्या उतींना सोसत नाही. भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात उकळून, फडक्यातून व मग गाळणकागदातून गाळावी. हा अर्क ऑटोक्लेव्ह करता येतो, मात्र आयएए (एक ऑक्झिन) आणि जिबरेलिनसारखे संप्रेरक घटक उष्णतेने कमी होतात. ते टिकवायचे तर 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, सुमारे 50 अंश सेल्सिअसपर्यंत निवलेल्या पण अजून न गोठलेल्या माध्यमात निर्जंतुक कक्षात मिसळावा. शैवालाच्या बुळबुळीत द्रव्याने ही गाळणी लगेच तुंबते, म्हणून आधी मोठ्या छिद्रांच्या गाळण्या लावाव्यात. उरलेला अर्क लहान कुप्यांत गोठवून प्रत्येकीवर खेपेचा क्रमांक लिहावा. दोन खेपांची सरमिसळ झाली की प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही.

प्रश्न : ॲगार शैवालापासूनच बनते. मग अर्काचे फायदे त्यातून आपोआप मिळत नाहीत का?

उत्तर : नाही. ॲगार हे जेलिडियम, ग्रॅसिलेरिया अशा लाल शैवालांतील शुद्ध केलेले बहुशर्करा द्रव्य आहे आणि शुद्धीकरणात विरघळणारे बहुतेक घटक निघून जातात. तपकिरी शैवालांतील सोडियम अल्जिनेटचेही तसेच. भ्रूण किंवा कोंबाची टोके त्याच्या द्रावणात घोळवून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबाने सोडली की कृत्रिम बियांचे मणी तयार होतात. तेथे शैवालाचे काम वेष्टनापुरतेच असते, पोषणाचे घटक त्या वेष्टनात वेगळे घालावे लागतात.