खोक्यावर ६००, हातात ४०

प्रश्न : राउटर बाहेरच्या खोलीत आणि कॉम्प्युटर अगदी आतल्या खोलीत, अशी आमची अडचण आहे. मधल्या भिंती जाड असल्याने वायफाय तिथवर पोचत नाही. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. म्हणून विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घेतली. खोक्यावर ६०० एमबीपीएस लिहिलंय, मिळतात जेमतेम ४०, आणि संध्याकाळी तेही नाहीत. परत करू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी बघा, अडॅप्टर कशात खोचलाय? अशा तक्रारीत मी पहिल्यांदा हेच विचारतो, आणि बरेचदा उत्तर येतं, ‘स्पाइक गार्डच्या बोर्डात’. घरातली वीज ५० किंवा ६० हर्ट्झची. अडॅप्टर त्याच तारेवर २ मेगाहर्ट्झच्या वरचे सिग्नल चढवतो. स्पाइक गार्डमधला फिल्टर तारेवरची असली उच्च वारंवारता दाबण्यासाठीच बसवलेला असतो. त्याला तुमचं नेट आणि तारेवरचा कचरा यांतला फरक कळत नाही. तेव्हा दोन्ही अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा आणि स्पाइक गार्ड दुसऱ्या सॉकेटवर न्या.

आता संध्याकाळचं. दिवे लागतात, फोन चार्जिंगला लागतात, तेव्हाच वेग पडतो ना? चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात. माल हलका असला की तो गोंगाट थेट तारेत उतरतो. अडॅप्टरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाका, त्यात दोन अडॅप्टरमधला लिंकचा वेग दिसतो. तो आकडा समोर ठेवून जवळच्या सॉकेटमधली एकेक वस्तू काढत जा. एखादा चार्जर काढल्याबरोबर आकडा वर चढला, की चोर सापडला. दिव्याचा डिमर असेल तर त्याच्यावरही नजर ठेवा. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण नवे अडॅप्टर आणण्याआधी ती कराच. नाहीतर नव्या जोडीचंही तेच होईल.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर घरात थ्री फेज जोडणी आहे का ते विचारा. दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर सिग्नल पलीकडे पोचेपर्यंत फार क्षीण होतो. डीबी (घरातल्या एमसीबींचा वीजवाटपाचा डबा) उघडून फेज बदलण्याच्या भानगडीत स्वतः पडू नका, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

खोक्यावरच्या ६०० बद्दल मात्र मला खरंच राग येतो. तो तारेवरचा कच्चा, दोन्ही दिशांचा मिळून काढलेला आकडा असतो. प्रत्यक्षात फाइल उतरवताना त्याचा तिसरा हिस्सा मिळाला तरी वायरिंग चांगलं म्हणायचं. त्यातही या वर्गातल्या बऱ्याच अडॅप्टरांचा लॅन पोर्टच (केबल खोचायची जागा) १०० एमबीपीएसचा असतो, म्हणजे त्यापुढे जायची सोयच नाही. घेण्याआधी खोक्याच्या मागच्या बाजूला पोर्टचा वेग वाचायचा. १००० च्या पुढचे काही अडॅप्टर फेज-न्यूट्रलबरोबर अर्थिंगची तारही वापरतात, पण सॉकेटला अर्थिंग नीट नसेल तर त्या जादा पैशाचा उपयोग नाही.

आणि मला विचाराल, तर दाराच्या फटीतून जाणारी चपटी लॅन केबल या सगळ्याहून सरस. भोक पाडावं लागत नाही, वेगही पडत नाही.

प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. वायरिंगमधून आमचं नेट शेजाऱ्याकडे जाईल का?

उत्तर : सिग्नल मीटरपाशी थांबेलच याची खात्री नाही. होमप्लग एव्ही या मानकाच्या अडॅप्टरांत १२८ बिटचं एईएस एन्क्रिप्शन असतं, म्हणजे माहिती कुलूपबंद होऊन जाते, पण अनेक जोड्या कारखान्यातून नेटवर्कच्या एकाच ठरावीक नावाने येतात. शेजाऱ्यानेही तशीच जोडी न बदलता लावली, तर दोन्ही घरं एकाच जाळ्यात येऊ शकतात. म्हणून एका अडॅप्टरचं ‘पेअर’ बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं दाबा. त्यातून तुमच्या जोडीची ते कुलूप उघडणारी स्वतःची किल्ली तयार होते. किती वेळ दाबायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, तेवढं माहितीपत्रकात बघून घ्या.