रसायनाचा तास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. चाचणीत मी चार कार्बन ओळीत काढून दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनचा इथाइल गट दाखवला आणि '२-इथाइलब्युटेन' असं नाव दिलं. सरांनी ते खोडून '३-मिथाइलपेंटेन' लिहिलं आणि गुण दिला नाही. चित्रात चारच कार्बन सरळ दिसतात, मग पेंटेन आलं कुठून?
– एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : बाळ, तुझं चित्र बरोबर आहे, नाव तेवढं चुकलंय. तेच चित्र पुन्हा समोर घे. इथाइलच्या वरच्या टोकाच्या कार्बनवर बोट ठेव. एक, दोन असं मोजत खाली उतर. आता तू ओळीतल्या दुसऱ्या कार्बनवर आलीस, तो तीन. तिथून उजवीकडे वळ : चार, पाच. झाली की नाही पाचाची साखळी, म्हणजेच पेंटेन? डावीकडे एकच कार्बन उरला. तोच मिथाइल, आणि तो बसलाय मधल्या, तिसऱ्या कार्बनवर.

सर्वात लांब साखळी डोळ्याने नव्हे, बोटाने शोधायची. कार्बनचे चार एकेरी बंध चार दिशांना, एकमेकांशी साधारण १०९.५ अंशांचा कोन करून असतात. त्यामुळे सरळ ओळ फक्त कागदावर असते. कोल्हापुरात अकरावीच्या वर्गांना शिकवताना मी कणकेचे गोळे आणि काड्यापेटीतल्या काड्या घेऊन हा रेणू पोरांकडूनच करून घ्यायचो. तो इथाइलच्या टोकाला धरून उचलला की पाच गोळ्यांची माळ खाली लोंबते आणि वाद तिथेच संपतो. तूही करून बघ.

एक खूण कायमची लक्षात ठेव. साखळी उघडी असेल, म्हणजे कडं झालेलं नसेल, आणि अल्केनच्या (सगळे बंध एकेरी असलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या संयुगाच्या) नावात '१-मिथाइल' किंवा '२-इथाइल' आलं, तर ते नाव चुकलंच म्हणून समज. लांब साखळी कुठेतरी निसटलेली असते. इथाइलला बसायला निदान तिसरा कार्बन लागतो.

तुला हा जाच वाटत असेल, पण नियमांशिवाय निभावच लागत नाही. तेवढेच अणू वेगवेगळे जोडून होणारी पेंटेनची रूपं तीन, हेक्झेनची पाच, डेकेनची पंचाहत्तर. वीस कार्बनच्या अल्केनची तर ३,६६,३१९ रूपं कागदावर मांडता येतात. इतकी टोपणनावं कोण ठेवणार आणि कोण पाठ करणार? म्हणून १८९२ मध्ये जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञ बसले आणि त्यांनी लांब साखळीचा पाया घातला. पुढे १९१९ मध्ये आयुपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तेव्हापासून हे काम तिच्याकडे आहे.

दुहेरी बंध आला की आकडे त्याच्या जवळच्या टोकापासून टाकायचे. ३-मिथाइलब्युट-१-ईनमध्ये उलटं मोजलं तर मिथाइलला दोन मिळतात, पण मान दुहेरी बंधाचा, मिथाइलने थांबायचं. जुन्या पुस्तकांत '३-मिथाइल-१-ब्युटीन' दिसेल. रेणू तोच. आयुपॅकच्या १९९३ च्या शिफारशींनी आकडा 'ईन'च्या लगेच अलीकडे आणला, एवढाच फरक.

जुनी नावं मात्र सगळी टाकाऊ नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, गॅस वेल्डिंगला जो ॲसिटिलीन वापरतात, तो म्हणजे इथाइन. ॲसिटिलीन हे नाव आयुपॅकनेही चालू ठेवलंय. केळी पिकवण्याच्या खोल्यांत सोडतात ते इथिलीन म्हणजे इथीन. परीक्षेत दोन्ही ओळखता यायला हवीत.

आता जरा पुढचं. पेट्रोलचा ऑक्टेन अंक ठरवताना ज्याला १०० धरतात, तो रेणू २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन. दुसऱ्या टोकाने मोजलं तर २,४,४ येतं. दोन्हींत पहिला आकडा २, दुसऱ्या जागी मात्र २ आणि ४. जिथे पहिला फरक पडतो तिथे लहान आकडा ज्याचा, ते नाव खरं. बेरीज करायची नाही. बरीच मुलं इथे बेरीज करतात.