मळीवरचा कर अर्धा, तरी राग दुप्पट

प्रश्न : १७६४ साली ब्रिटनच्या अमेरिकन वसाहतींत परदेशी मळीवरचा कर गॅलनला ६ पेन्सवरून ३ पेन्स झाला. तरी व्यापारी का खवळले? – एक वाचक, निपाणी

उत्तर : ६ पेन्स फारसं कुणी भरतच नव्हतं. आपल्या संकेश्वरच्या साखर कारखान्यातून निघते तशी काळी, चिकट मळी कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटांवर स्वस्त मिळे. बॉस्टनचे रम गाळणारे तीच आणत आणि जकात अधिकाऱ्याचे हात गॅलनमागे पेनी-दीड पेनीने ओले करत. आता ३ पेन्स खरोखर वसूल होऊ लागले. माल चढवण्याआधी हमीपत्र हवं. कागदात खोट निघाली, तर जहाजासकट जप्ती. सगळ्यात झोंबलं ते न्यायालय. खटला ज्यूरीविना (म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिक पंचांविना) आरमारी कोर्टात, म्हणजे समुद्री व्यवहारांच्या कोर्टात चाले, माल कायदेशीर असल्याचं मालकानेच सिद्ध करायचं! १७६६ मध्ये कर १ पेनीवर आला, पण तो कॅरिबियनमधल्या ब्रिटिश बेटांवरच्या मळीलाही लागला.